मुलगी ड्रायव्हर लिहीत बसते, तिला थांबवू का?

पेडणे तालुक्यातून एका आईचे पत्र आले आहे. त्या मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत. मुलगी फर्मागुडीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहून शिकते. गेले काही महिने ती एका यूएसबी नेटवर्क अडॅप्टरचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरून नेटबीएसडी नावाच्या दुसऱ्या सिस्टिमवर आणायच्या मागे लागली आहे. चवथीला घरी आली तेव्हा माटोळी बांधायलासुद्धा उठली नाही. रात्रभर कॉम्प्युटर बंद पडत होता आणि ती तो पुन्हा चालू करत होती. मैत्रिणी वेबसाइटचे आणि एआयचे कोर्स करताहेत. आई विचारतात, "या सिस्टिमचे नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही. तिला यातून बाहेर काढून एखाद्या ऑनलाइन कोर्सला घालू का? यात नोकरी तरी आहे का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तिला थांबवू नका. तिसऱ्या वर्षाला हे काम हाती घेणारी मुले फार थोडी असतात, आणि ज्या कंपन्यांना असे काम करणारी माणसे लागतात त्यांना ती सहज मिळत नाहीत. ती हे काम कसे करते आहे त्याबद्दल मात्र मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक तुमच्या पत्रात आहे. दुसरी पत्रात नाही, पण ती जास्त महत्त्वाची आहे.

पहिली गोष्ट बंद पडणाऱ्या कॉम्प्युटरची. ड्रायव्हर हा सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये चालतो. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो प्रोग्रॅम बंद होतो. कर्नेलमध्ये एखादा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, चुकला की अख्खे मशीन कोसळते. त्यामुळे ड्रायव्हर लिहिताना मशीन पडणे हा त्या कामाचाच भाग आहे, मुलगी चुकते आहे असा त्याचा अर्थ नाही. पण ते तिचे रोजचे, अभ्यासाचे मशीन असता कामा नये. लिनक्सवर क्यूएमू, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम, घेऊन त्यात नेटबीएसडी चालवता येते आणि खरा अडॅप्टर त्या आतल्या मशीनच्या हवाली करता येतो. मग पडेल ते आतले मशीन, बाहेरचे चालूच राहील. याचा आणखी एक मोठा फायदा आहे. बाहेरच्या लिनक्समधले यूएसबीमॉन हे साधन अडॅप्टरकडे जाणारा-येणारा प्रत्येक संदेश टिपून ठेवते. आधी लिनक्सचा मूळ ड्रायव्हर चालवून ती नोंद घ्यायची, मग स्वतःचा ड्रायव्हर चालवून तीच नोंद घ्यायची आणि दोन्ही वायरशार्कमध्ये, म्हणजे असे संदेश वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, शेजारी ठेवायच्या. कुठल्या पायरीला वाट चुकली ते बहुतेक वेळा तिथेच दिसते. रात्रीची निम्मी जागरणे यानेच वाचतील.

आता हे काम नेमके काय आहे ते तुम्हाला सांगतो, कारण बाहेरून ते नकलून काढण्यासारखे दिसते. अडॅप्टरमधली चिप तीच राहते. तिच्या कुठल्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या कप्प्यात) काय लिहायचे, कुठल्या क्रमाने लिहायचे, रिसेट केल्यावर किती थांबायचे, हे कुठल्याही सिस्टिमवर बदलत नाही. बदलते ते भोवतालचे सगळे. लिनक्समध्ये नेटवर्कचे पॅकेट एसके-बफ नावाच्या रचनेत येते, नेटबीएसडी ज्यातली आहे त्या बीएसडीच्या घराण्यात एम-बफच्या साखळीत येते, आणि त्या साखळीचे तुकडे मेमरीत वेगवेगळ्या जागी असू शकतात. लिनक्सचा ड्रायव्हर यूएसबीच्या थराकडे आपली मागणी यूआरबी नावाच्या रचनेत सोपवतो. नेटबीएसडीत त्याची रीत वेगळी, नावे वेगळी. आपल्याकडचा पखवाजी दुसऱ्या गावच्या भजनी मंडळात वाजवायला बसला की बोल त्याचेच असतात, पण उचल कुणाच्या खुणेवर घ्यायची आणि कुठे थांबायचे ते त्या मंडळाकडून शिकावे लागते. ड्रायव्हरचे तसेच आहे. सगळ्यात अवघड भाग तोच, कुठे थांबायचे हा. कुठल्या ठिकाणी फंक्शनला झोपायची, म्हणजे वाट पाहत थांबायची मुभा आहे, कुठे लॉक (इतरांना तात्पुरते अडवून ठेवणारे कुलूप) हातात असताना थांबले तर मशीन गोठते, हे दोन्ही सिस्टिमचा कोड ओळीने वाचल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्याने लिहिलेले हजारो ओळींचे काम वाचून त्यातला हेतू ओळखणे कॉलेजच्या परीक्षेत कुठेच येत नाही. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून लागते.

तिने एक चाचणी आवर्जून करावी. अडॅप्टरमधून मोठी फाइल जात असताना तो ओढून काढावा, पुन्हा लावावा, आणि हे बऱ्याच वेळा करावे. पुष्कळ ड्रायव्हर नुसते चालवले तर नीट चालतात आणि नेमके इथे पडतात.

दुसरी गोष्ट परवान्याची. लिनक्सचे कर्नेल जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे; त्यातला कोड घेऊन केलेले काम वाटायचे तर त्याच परवान्याखाली वाटावे लागते. नेटबीएसडी बीएसडी परवान्याखाली आहे, त्यात अशी अट नाही. म्हणून जीपीएलखालचा कोड उचलून नेटबीएसडीच्या कर्नेलच्या मूळ कोडमध्ये घालता येत नाही. व्हेरिएबलची नावे बदलली म्हणून तो स्वतःचा होत नाही. २००७ साली ओपनबीएसडी या त्याच घराण्यातल्या सिस्टिमीत ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय चिपसाठी लिहिल्या जाणाऱ्या ड्रायव्हरमध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरमधला कोड आढळला. लिनक्सकडच्या लेखकांनी हरकत घेतली, दोन्ही बाजूंनी कडवट वाद झाला आणि शेवटी तो ड्रायव्हर सोडून द्यावा लागला. तुमच्या मुलीची इतक्या महिन्यांची मेहनत अशी जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. म्हणून तिने आजच फाइलच्या माथ्यावरचा परवाना वाचावा. काही लिनक्स ड्रायव्हर दुहेरी परवान्याखाली असतात. ग्राफिक्सचे पुष्कळसे एमआयटी या तशाच मोकळ्या परवान्याखाली आहेत, आणि म्हणूनच फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी ते घेऊ शकतात. तिचा फक्त जीपीएलखालचा असेल तर सरळ मार्ग असा: लिनक्सचा कोड वाचून चिपचे वागणे साध्या शब्दांत कागदावर उतरवायचे, आणि वर्गातल्या दुसऱ्या कुणीतरी मूळ कोड न बघता फक्त त्या कागदावरून ड्रायव्हर लिहायचा. चिपची डेटाशीट, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचे माहितीपत्रक, मिळत असेल तर ती आधी. हे दोघींचे काम शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणूनही छान बसेल. गाइड सरांशी आत्ताच बोलून ठेवावे.

नोकरीबद्दल. नेटबीएसडी तुम्ही ऐकले नसेल, पण ती १९९३ पासून चालू आहे आणि तिचे जुळे भावंड म्हणावे अशा फ्रीबीएसडीवर नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर चालतात. प्लेस्टेशन ४ ची सिस्टिमही फ्रीबीएसडीतूनच निघाली. तरीही "नेटबीएसडी येणारे उमेदवार हवेत" अशी जाहिरात तिला बहुधा दिसणार नाही. तिने शोधायचे शब्द वेगळे आहेत: एम्बेडेड (उपकरणात बसवलेले कॉम्प्युटर), फर्मवेअर (उपकरणातच भरलेला प्रोग्रॅम), बीएसपी (एखाद्या बोर्डावर सिस्टिम चालवायला लागणारा कोड), लिनक्स कर्नेल. चिप बनवणारी कंपनी बहुतेक वेळा लिनक्सचा ड्रायव्हर देते, आणि गाडी बनवणाऱ्याला तीच चिप क्यूएनएक्स या गाड्यांत वापरल्या जाणाऱ्या सिस्टिमवर चालवायची असते. मधले काम कुणीतरी पगार घेऊन करते, आणि तुमची मुलगी आज करते आहे तेच ते काम आहे. अशा जागा मुख्यतः बंगळूर, हैदराबाद आणि पुण्यात आहेत. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरात १९८५ साली केंद्र उघडले, तेव्हापासून तिथे या कामाची परंपरा आहे. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आहेत, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' नावाचे स्वयंचलित पाणबुडे यान बनवले आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिपसाठी तिने दोन्हीकडे अर्ज करावा. पण पहिली काही वर्षे तिला गोव्याबाहेर राहावे लागेल, हे घरात आधीच बोलून ठेवलेले बरे.

कोर्सला पैसे घालू नका. त्याऐवजी एक जुना लॅपटॉप आणि तसलाच आणखी एक अडॅप्टर घेऊन द्या. मैत्रिणींकडून तिने घ्यायचे ते वेगळेच आहे. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या पहिल्या फेरीत ॲप्टिट्यूड आणि डेटा स्ट्रक्चर विचारतात, ड्रायव्हर विचारत नाहीत. त्या फेरीत अडकली तर पुढे तिचे खरे काम बघायला कुणी बसणार नाही. तेव्हा सातव्या सत्राआधी रोज सकाळचा एक तास त्या सरावाला, मग ड्रायव्हर. आणि मध्यरात्रीनंतर झोप. हे तुम्ही आई म्हणून सांगालच, मी नुसता दुजोरा देतो.

तिला म्हणावे, मला थेट लिही. पत्रात अडॅप्टरचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक, मूळ फाइलच्या माथ्यावरचा परवान्याचा मजकूर आणि शेवटचे मशीन पडले तेव्हाचा स्क्रीनवरचा संदेश, एवढे असावे. त्या चिपचा बीएसडी परवान्याखालचा ड्रायव्हर फ्रीबीएसडीत किंवा ओपनबीएसडीत आधीच असला, तर तो तिथून नेटबीएसडीवर आणणे कितीतरी सोपे पडेल, आणि परवान्याचा प्रश्नही उरणार नाही. ते मी आधी बघून देतो.