शिल्पकार दगड आणि सावल्या बघून रेखाटनं का करतात?

कारण सावलीतच दगडाचं घनत्व दिसतं. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर १९२१ साली स्टोनहेंजला, म्हणजे इंग्लंडमधल्या प्रचंड उभ्या दगडांच्या प्राचीन वर्तुळापाशी, पोचला तेव्हा रात्र झाली होती. ते उभे दगड त्याने पहिल्यांदा पाहिले ते चांदण्यात. चांदण्यात बारीक तपशील विरतात, सावल्या खोल होतात आणि दगड आहेत त्याहून प्रचंड वाटतात. ती रात्र त्याच्या मनातून गेली नाही. पन्नासेक वर्षांनी त्याने स्टोनहेंजवर लिथोग्राफ छापचित्रांची मालिका केली. (लिथोग्राफी मुळात दगडावरच रेखाटायची कला, हे मला फार सुंदर वाटतं.)

तुम्हाला सराव करायचा असेल तर नदीतला एखादा गोटा खिडकीत ठेवा. सकाळी त्याचं रेखाटन करा, उन्हं कलल्यावर पुन्हा करा. बाह्यरेषा नकोच, फक्त सावलीचा आकार कोळशाने भरा.