बनावट खरेदीखत करून कोणी घर परस्पर विकलं, तर कायदा वाचवतो का?
वाचवू शकतो, पण तो कुठल्या टप्प्यावर आड येतो त्यावर सगळं आहे. बऱ्याच ठिकाणी नोंदणी कार्यालय कागद नियमात बसतो का एवढंच बघतं. सही करणारा खरा मालक आहे का, याच्या खोलात जात नाही. म्हणून नुसती शिक्षा वाढवून भागत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२४ मध्ये अशी घरं लाटणं हा चोरीचाच गुन्हा ठरवला. बरंच झालं, पण गुन्हा दाखल होईपर्यंत भामट्याने त्याच घरावर कर्जही उचललेलं असू शकतं! इंग्लंड-वेल्समधली सोय मला जास्त कामाची वाटते: भूनोंदणी खात्याकडे मिळकतीवर लक्ष ठेवायला सांगायचं, नोंदीत महत्त्वाची हालचाल झाली की ईमेल येतो, तेही फुकट. व्यवहार मात्र त्याने आपोआप थांबत नाही. रिकामी, भाड्याने दिलेली किंवा कर्ज नसलेली घरं जास्त धोक्यात असतात.