सगळ्यांची वेळ एका कागदावर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. हवाई हल्ल्याच्या सराव-मोहिमेचा तुझा आराखडा वाचला. मारा करणारी १६ विमानं, ८ एस्कॉर्ट (शत्रूच्या लढाऊ विमानांपासून राखणारी), ४ रडारविरोधी, २ जॅमर (शत्रूच्या रडारवर गोंगाट सोडणारी), १ अवॉक्स (उडतं रडार आणि नियंत्रण-केंद्र) आणि हवेतच इंधन देणारे टँकर ‘आवश्यकतेनुसार’. विमानांची निवड ठीक आहे. पण ही नुसती यादी झाली. कोण कुठे किती वाजता असेल आणि किती वेळ टिकेल, हे त्यात कुठेच नाही, आणि असे समूह बहुतेक वेळा तिथेच फुटतात.

आधी एकच वेळ लिही, पहिला बॉम्ब पडण्याची. मग तिथून मागे मोजत ये. ४८० नॉट, म्हणजे तासाला ४८० सागरी मैल, म्हणजेच मिनिटाला ८ सागरी मैल, ४२० ला ७, ५४० ला ९. हिशेब तोंडी व्हावा म्हणूनच असे वेग धरायचे. एक मिनिट उशीर झाला की तू ८ मैल मागे पडतोस. वेग ५४० केलास तरी मिनिटाला एकच मैल भरून निघतो. म्हणजे आठ मिनिटं, ७२ मैल, आणि इंधनाची धूळधाण. त्यापेक्षा मार्गातच एक लांबचं वळण ठेव. उशीर झाला तर ते कापता येतं, वेळ हाताशी असली तर पूर्ण घेता येतं.

आता टँकर. एका नळीमागे चार विमानं लावलीस की चौथ्याची पाळी येईपर्यंत पहिल्याचं इंधन जळत राहतं, आणि त्याला पुन्हा थोडं भरून घ्यावं लागतं. ही दुसरी फेरी नवखे हमखास विसरतात. लांब पल्ल्यावर हा हिशेब कुठवर जातो ते १९८२ च्या फॉकलंड युद्धात दिसलं. ब्रिटिशांच्या असेन्शन बेटापासून फॉकलंडची राजधानी पोर्ट स्टॅनली सुमारे ६,३०० किलोमीटर. तिथल्या धावपट्टीवर एका ब्रिटिश व्हल्कन बॉम्बफेकी विमानाने बॉम्ब टाकावेत म्हणून पहिल्या रात्री दोन व्हल्कन आणि अकरा व्हिक्टर टँकर उडाले. टँकरच टँकरला इंधन पाजत होते. मुख्य व्हल्कनची खिडकी नीट बंद होईना, म्हणून ते परतलं आणि राखीव विमान पुढे गेलं. शेवटच्या व्हिक्टरने स्वतःचं इंधन इतकं देऊन टाकलं की परतीला त्यालाच दुसरा टँकर गाठावा लागला. एकवीस बॉम्बांपैकी एक धावपट्टीवर पडला. तुझ्या यादीत राखीव विमान एकही नाही.

रडारविरोधी विमानांबद्दल तुझा एक गैरसमज दिसतो. ‘पहिल्या दोन मिनिटांत क्षेपणास्त्रतळ नष्ट’ असं तू लिहिलंस. या विमानांची क्षेपणास्त्रं रडारच्याच लहरींचा माग काढतात, त्यामुळे खालचा शहाणा चालक रडार बंद करतो. तळ शाबूत राहतो, फक्त आंधळा होतो, आणि तोही वरती धाक आहे तोवरच. आखाती युद्धात १९ जानेवारी १९९१ रोजी बगदादवर दिवसाउजेडी अमेरिकेच्या एफ-१६ लढाऊ विमानांचा मोठा समूह गेला, त्याला ‘पॅकेज क्यू’ म्हणतात. टँकरपाशी हवामान खराब होतं, काही विमानं वाटेतूनच फिरली. रडारविरोधी एफ-४जी विमानांचं इंधन संपत आलं आणि शेवटच्या तुकड्या लक्ष्यावर असतानाच ती निघून गेली. दोन एफ-१६ पडली, दोन्ही वैमानिक कैद झाले. पुढे बगदादचा मध्यभाग रडारला सहज न दिसणाऱ्या एफ-११७ कडे सोपवला गेला. म्हणून तुझी चार विमानं एकदम पाठवू नकोस. जोड्या कर. पहिली जोडी निघण्याआधी दुसरी जागेवर हवी, आणि शेवटचं विमान मारा करून बाहेर पडेपर्यंत तिने हलायचं नाही.

जॅमर कुठे उभा आहे याला फार महत्त्व. मारा करणारं विमान रडारच्या जवळ जातं तसा त्याचा प्रतिध्वनी झपाट्याने वाढतो: अंतर निम्मं झालं की सोळापट. दूर उभ्या जॅमरचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. त्यामुळे एका अंतरानंतर रडारला विमान दिसायला लागणारच. ते अंतर काढून नकाशावर वर्तुळ मार. शिवाय जॅमर शक्यतो मारा करणाऱ्यांच्या पाठीमागे, रडारकडून पाहता एकाच रेषेत हवा. बाजूला सरकला की परिणाम पातळ होतो.

विमानावरच जॅमर असला तरी रोख चुकतोच. व्हिएतनाम युद्धात डिसेंबर १९७२ मध्ये हनोईवर अमेरिकेची बी-५२ बॉम्बफेकी विमानं पहिल्या तीन रात्री जवळपास त्याच वाटांनी आली आणि बॉम्ब टाकून तसंच तीव्र वळण घेत राहिली. वळताना विमान कललं की पोटाखालच्या अँटेनांचा रोख भलतीकडे जाई, त्यात समोरून जोराचा वारा. तिसऱ्या रात्री सहा बी-५२ गमावली. २६ डिसेंबरला १२० बी-५२ वेगवेगळ्या दिशांनी आणून अवघ्या पंधरा मिनिटांत मारा उरकला. त्या रात्री दोन गमावली. तुझ्या आराखड्यात चारही तुकड्या एकाच खिंडीतून आत शिरतात. बदल.

एस्कॉर्ट आठ पुरेत. चार पुढे पाठव, चार सोबत ठेव. खरं तर एवढा फौजफाटा दर वेळी लागतोच असं नाही. ७ जून १९८१ ला इस्रायलने इराकची अणुभट्टी आठ एफ-१६ आणि सहा एफ-१५ घेऊन, बहुतेक वाट जमिनीलगत उडत गाठली. पण तिथे भर अचानकपणावर होता. तुझ्या सरावात शत्रूचं रडार आधीच जागं आहे.

शेवटचं, मोहीम कधी सोडायची तेही आकड्यात लिही. दुसरी रडारविरोधी जोडी आली नाही तर? मारा करणाऱ्यांपैकी दहाच टँकरवरून निघाले तर? निर्णय कोणाचा, अवॉक्सचा की म्होरक्याचा, आणि कोणत्या शब्दाने सगळे फिरायचे? हे जमिनीवर ठरलेलं असावं. लक्ष्य ४० मैलांवर असताना तुझ्या हातात पाच मिनिटं असतात, आणि रेडिओवर एका वेळी एकच जण बोलू शकतो.

कळावे.