गिटार अँपचा आवाज मध्येच बारीक होतो, जोरात कॉर्ड मारली की परत येतो. काय बिघडलं असेल?

लगेच अँप उघडू नका. आधी दुसरी केबल लावून बघा, बऱ्याचदा दोष केबलचाच निघतो. केबल ठीक असेल तर मागे इफेक्ट्स लूप (बाहेरचे इफेक्ट पेडल अँपच्या मध्ये जोडायची सोय) आहे का बघा, सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात, एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा आणि वाजवा. आवाज एकदम मोकळा झाला तर रोग सापडला म्हणून समजा!

होतं काय, रिटर्न जॅकच्या आत एक पत्र्याची पट्टी असते, जॅक रिकामा असताना सिग्नल तिच्यातूनच पुढे पॉवर अँपकडे (स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या भागाकडे) जातो, पण लूप कोणी वापरतच नाही त्यामुळे तिथे धूळ बसते, पट्टी काळी पडते आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर जास्तच. अँप बंद करा, भिंतीतला प्लग काढा, गिटारच्या केबलच्या टोकावर कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) मारून रिटर्न जॅकमध्ये पाच-दहा वेळा आतबाहेर करा आणि नीट सुकू द्या. साधं डब्ल्यूडी-४० नको, त्याचा तेलकट थर राहतो.

तरीही नाही गेलं आणि अँप ट्यूबवाला (आत काचेच्या व्हॉल्व्ह असलेला) असेल तर कृपा करून स्वतः उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) प्लग काढल्यावरही ४०० व्होल्टच्या आसपास व्होल्टेज साठलेलं असू शकतं, जीवावर बेतेल. सरळ मेकॅनिककडे न्या, आणि पॅच केबल लावल्यावर काय झालं ते त्याला आधी सांगा, त्याचा अर्धा वेळ वाचतो.