वारस दाखला, वारसा प्रमाणपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र: एकच का?

सातपूरच्या एका ताईंनी विचारलंय, वडील गेले, त्यांच्या एफडीसाठी बँकेने "वारस दाखला आणा" सांगितलं, त्यांनी तलाठ्याकडचा कागद नेला तर म्हणे हा नाही, कोर्टाचा पाहिजे. मग हे शब्द एकाच कागदाचे का वेगवेगळ्या?

ताई, वेगवेगळ्या. आणि तुमची चूक नाही, बोलताना आपण सगळेच दोन-तीन कागदांना वारस दाखला म्हणतो.

दाखला हा "दाखल"मधला, मूळ अरबी, आत येणं. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे कुठल्यातरी वहीत नाव दाखल आहे त्याचा उतारा. तलाठ्याकडे हेच असतं, गाव नमुना ६ क ही वारसांची नोंदवही, त्यावरनं फेरफार पडतो आणि सातबाऱ्यावर नावं चढतात. पण ते जमिनीपुरतं.

वारसा प्रमाणपत्र कोर्टाचं, मुंबई इलाख्याच्या १८२७च्या रेग्युलेशनखालचं. मयताचे वारस कोण हे कोर्ट मान्य करतं. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाबाहेर यालाही सर्रास वारस दाखलाच म्हणतात, आणि घोळ तिथेच होतो.

उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे वकिलांचं "सक्सेशन", हे १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं, आणि मला हा शब्द फार नेमका वाटतो. उत्तर म्हणजे नंतरचं, उत्तरक्रिया उत्तरार्धातलं, आणि पुढे अधिकार. वारस म्हणजे तुम्ही मयताचे कोण, उत्तराधिकार म्हणजे तुम्हाला काय करता येतं. हे सर्टिफिकेट मालकी ठरवत नाही, मयताची लोकांकडची येणी, ठेवी, शेअर्स वसूल करायचा अधिकार देतं. बँक ते बघून पैसे देते आणि मोकळी होते, उद्या दुसरा भाऊ उभा राहिला तरी बँकेला परत द्यावे लागत नाहीत, ज्याने पैसे आणले त्याने बाकीच्यांचा हिस्सा द्यायचा. अर्जात एकेक खातं नंबरासकट लिहावं लागतं. आमच्या आईच्या वेळी कपाटातल्या साड्यांखाली एक आरडीचं पासबुक राहून गेलं होतं, ते यादीत नव्हतं म्हणून बँकेने त्याला हातच लावला नाही, पुन्हा अर्ज करून सर्टिफिकेट वाढवून घ्यावं लागलं.

मृत्युपत्र असेल तर ते कोर्टाने खरं मानल्याचा कागद म्हणजे प्रोबेट. मूळ लॅटिन, सिद्ध करणं, आणि आपल्या कोर्टात "मृत्युपत्र शाबीत करणे" म्हणतातच, म्हणजे शब्द आहे आपल्याकडे. फक्त "मृत्युपत्र आणा" म्हटलं की लोक मृत्यूचा दाखला घेऊन येतात म्हणून मी इच्छापत्रच म्हणतो. ते प्रोबेट, इच्छापत्राप्रमाणे वाटप करायला त्यातच नेमलेल्या माणसालाच मिळतं. कोणी नेमलेलंच नसेल तर लेटर्स ऑफ ऍडमिनिस्ट्रेशन, त्याला मराठी शब्द कुणाच्याच तोंडी नाही. प्रशासनपत्र म्हटलं तर महापालिकेचा प्रशासक आठवतो. मला विचाराल तर "कारभारपत्र" म्हणावं, मयताच्या मिळकतीचा कारभारी कोण ते सांगणारं, शब्द घरातला आहे आणि लगेच कळतो.

तर ताई, बँकेत "वारस दाखला" हा शब्दच वापरू नका, "उत्तराधिकार प्रमाणपत्र हवंय का" असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ठराविक रकमेपर्यंत बँका कोर्टाच्या कागदाशिवाय, इंडेम्निटी बॉण्डवरही, म्हणजे पुढे वाद झाला तर नुकसान भरून देऊ अशा लेखी हमीवरही पैसे देतात, वकिलाकडे जायच्या आधी ते विचारून घ्या.