सिलिकॉनने जोडलेली काचेची टाकी न फोडता सुटी कशी करायची?

हॅमस्टरच्या जुन्या टाकीच्या काचा सोडवून, कापून, वेगळ्या मापाचं घर करायचंय, असं तुम्ही विचारलंय. मग ब्लेड हातात घेण्याआधी काच टफन्ड (तापवून झटकन थंड करून कडक केलेली) आहे का ते बघा, विशेषतः तळाची. टफन्ड काच नंतर कापता येत नाही आणि कडेला टोला बसला तर अख्खी काच खड्यांसारखी विखुरते. एलसीडी स्क्रीन पांढरी करा, टाकी तिच्यासमोर ठेवा आणि पोलराइज्ड गॉगलमधून, तो जरा फिरवत, बघा. काचेत काळपट पट्टे किंवा ठिपके दिसले तर ती टफन्ड.

ॲसिटोन किंवा व्हिनेगर लावून सिलिकॉन विरघळेल ही आशा सोडा. हीट गनही नको, कारण सिलिकॉन २०० अंशांच्या आसपासही टिकतं, पण एकाच जागी तापलेली काच तडकते. सिलिकॉन कापावंच लागतं.

कट न लागणारे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट. चष्म्यात हयगय नको, कारण ब्लेड सांध्यात पिळलं की त्याचा तुकडा उडतो. टाकी रिकामी करून जाड टॉवेलवर मागच्या काचेवर आडवी ठेवा, म्हणजे पुढची काच वर येते आणि सुटली तरी पडत नाही. प्लास्टिकची चौकट असेल तर ती आधी काढा. तुटली तर तुटू द्या.

कोपऱ्यात आतून भरलेली सिलिकॉनची जाड पट्टी दोन्ही काचांना चिकटून ब्लेड चालवत काढून टाका. खरं काम पुढे आहे: दोन काचांमधला पातळ थर. एका टोकाला ब्लेडने दोन-तीन सेंटिमीटर फट करा, त्यात गिटारची सगळ्यात बारीक स्टीलची तार घाला, तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी दांडके बांधा आणि करवतीसारखी मागेपुढे ओढा. साबणाचं पाणी सोडत राहा. तार अडली की जोर लावू नका. तिथे काचेला काच टेकलेली असते, तेवढं पातळ ब्लेडनेच कापायचं. ब्लेड लवकर बोथट होतं, पाच-सहा जवळ ठेवा.

स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं हीच बहुतेकांची चूक. सगळा जोर कडेच्या एका बिंदूवर येतो, टवका उडतो आणि तिथूनच चीर धावते.

तिन्ही सांधे सुटल्यावर पुढची काच उचला. मग बाजूच्या दोन, पण त्या उभ्या असतात, म्हणून शेवटचे काही सेंटिमीटर कापताना बाहेरून मास्किंग टेप लावा किंवा कुणाला तरी धरायला सांगा. काच दिसते त्यापेक्षा जड असते: ९० × ४५ सेंमीची ६ मिमी जाडीची काच सुमारे ६ किलो भरते. न्यायची ती उभी धरून, आडवी नाही.

उरलेलं सिलिकॉन नव्या ब्लेडने, काचेशी साधारण ३० अंश ठेवून, खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटाला गुळगुळीत लागलं तरी तिरप्या उजेडात पुन्हा बघा. जुन्या सिलिकॉनचा पापुद्रा राहिला तर नवं सिलिकॉन त्याला धरत नाही.