पुण्यात गाड्या बनतात, मग पुण्याचा ब्रँड का नाही?

प्रश्न असा आहे: मर्सिडीज, स्कोडा यांसारख्या नामांकित कार ब्रँड्सचा उगम कसा झाला, आणि पुण्यात एवढे कारखाने असूनही तसा इतिहास असलेला पुण्याचा एकही ब्रँड का नाही?

दुसरा भाग वाचून डोकं सटकलं. हेच वाक्य, जवळपास याच सुरात, मी माझ्या साडूंकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पण पहिला भाग आधी उरकतो.

मर्सिडीज हे ना कारखानदाराचं नाव, ना इंजिनियरचं. फ्रान्समधल्या नीस शहरात राहणारा एमिल येलिनेक डायमलर या जर्मन कंपनीच्या गाड्या घेऊन श्रीमंतांना विकायचा. त्याने हट्टाने जास्त ताकदीची गाडी मागितली, डायमलरचा इंजिनियर विल्हेल्म मायबाखने ती बनवली आणि येलिनेकने तिला आपल्या लेकीचं नाव दिलं. हे 1901 चं. खुद्द गॉटलिब डायमलर आदल्याच वर्षी वारला होता. बेंझ ही तर तेव्हा समोरची, स्पर्धेतली कंपनी. दोघी एकत्र आल्या 1926 मध्ये, धंदा दोघींनाही जड जायला लागल्यावर. म्हणजे लोक ज्याला खानदान म्हणतात ते एका विक्रेत्याच्या हट्टातून आलंय.

स्कोडाची गोष्ट मला जास्त आवडते. वाक्लाव क्लेमेंट हा बोहेमियातला पुस्तकविक्रेता. त्याची जर्मन सायकल बिघडली, त्याने कंपनीला चेक भाषेत पत्र लिहिलं. उत्तर आलं की आम्हाला समजेल अशा भाषेत लिही. गडी पेटला. लॉरिन नावाच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन 1895 मध्ये त्याने सायकलींचा स्वतःचा उद्योग टाकला आणि सायकलीचं नाव ठेवलं स्लाव्हिया. मग मोटरसायकली, 1905 मध्ये मोटार, 1925 मध्ये स्कोडाच्या अवजड उद्योगात विलीनीकरण. आणि आज? मालक फोक्सवॅगन, म्हणजे जर्मनच. ‘स्लाव्हिया’ नावाची गाडी चाकणला बनते, आणि त्याच कारखान्यात फोक्सवॅगनची व्हर्टस. दोन्हींचा सांगाडा एकच. बिल्ला बदलला की लोक दोन शोरूममध्ये दोन तास वाद घालतात.

आता पुण्याचा ब्रँड. आकुर्डीला जा. फोर्स मोटर्स. आधीची बजाज टेम्पो. इथे प्रश्न खरं तर संपतो, पण विचारणाऱ्याला चकचकीत काहीतरी हवं असतं, मिनिडोर आणि मॅटाडोर ही याच कंपनीची वाहनं त्याच्या गणतीतच नसतात. नवलमल फिरोदियांनी 1958 मध्ये हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीशी करार करून तीनचाकी टेम्पो भारतात आणला. तिकडे काय झालं? विडाल कंपनी हानोमागने गिळली, हानोमागची वाहनं डायमलर-बेंझकडे गेली आणि टेम्पो हे नाव जर्मनीत पुसलं गेलं. आकुर्डीत ते कंपनीच्या पाटीवर 2005 पर्यंत होतं. हॅम्बुर्गमध्ये मेलेला ब्रँड पुण्यात अजून काही दशकं नोकरी करत होता. आज हीच फोर्स चाकणला मर्सिडीजची इंजिनं जोडून देते. हा इतिहास नाही तर काय आहे?

तर साडू. ते नव्वदच्या दशकातच बर्मिंगहॅमला गेले. दिवाळीला येत, चिंचवडगावात सासऱ्यांच्या घरी सगळे जमत आणि जेवणं झाली की विषय गाड्यांवर येई. मी तेव्हा भोसरी एमआयडीसीत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि तपासणीची साधनं बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, फिटर होतो. डिसेंबर 1998 मध्ये टाटांनी इंडिका बाजारात आणली, बुकिंग लाखाच्या वर गेलं, सगळ्या पिंपरी-चिंचवडला उधाण आलं होतं. छोट्या वर्कशॉपनाही रात्रपाळ्या लागल्या. आमच्याकडे फिरत फिरत तिच्या मागच्या दाराच्या चेकिंग फिक्स्चरचं काम आलं होतं. मूळ कंपनीशी आमचा थेट संबंध नव्हता, मधे दोन पुरवठादार होते. पण मला त्याचं काही नव्हतं, दार माझ्या हातात होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रेसमधून आलेलं दार त्या फिक्स्चरवर बसवायचं, क्लॅम्प आवळायचे आणि कडेने गेज, म्हणजे फट मोजायचं साधन, सरकवत जायचं. सगळीकडे 3 मिलिमीटरची फट ठेवलेली असते. कुठे गेज अडकला, कुठे ढिला गेला, तिथे खडूने खूण करायची. पत्रा दाबून सोडला की थोडा मागे उलटतो, त्याला आम्ही स्प्रिंगबॅक म्हणतो. मागचं दार खाली चाकाला चुकवत आत वळतं ना, त्या वळणावर तो पत्रा आम्हाला छळायचा. खालचा कोपरा जमला की वरचा उठायचा. फोरमन डोळे मिटून कडेवरून नुसता अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, इथे आहे बघ. गेज लावला की तिथेच असायचं. ते वळण मी आजही अंधारात काढून दाखवीन.

पुढच्या दिवाळीत साडू सगळ्यांसमोर म्हणाले, “गाडीला खानदान लागतं, भाऊ. पत्रा ठोकून ब्रँड होत नाही.” सासरे हसले. आमची ही माझ्याकडे बघत होती. मी चकली खाल्ली.

2004 मध्ये त्यांचा ईमेल आला. मेहुणीसाठी नवी गाडी घेतली होती, सोबत फोटो. चंदेरी रंग, पुढे रोव्हरचा बिल्ला, खाली लिहिलेलं ‘अस्सल ब्रिटिश’. लेकीने स्क्रीनवर फोटो मोठा केला. गाडी थोडी तिरकी उभी होती, मागचं दार स्पष्ट दिसत होतं. ते वळण! मी लेकीला म्हटलं, अजून मोठं कर. मग हिला हाक मारली, म्हटलं हे बघ, तुझ्या बहिणीने आपली इंडिका घेतलीय.

ती सिटीरोव्हर होती. 2003 च्या शेवटापासून रोव्हर कंपनी ही गाडी पुण्यातून तयार घेऊन ब्रिटनमध्ये आपल्या बिल्ल्याने विकत होती. रोव्हरचा वंश कॉव्हेंट्रीतल्या स्टार्ली आणि सटन यांच्या सायकलींपर्यंत, 1878 पर्यंत जातो. 1885 ची त्यांची रोव्हर सायकल आजच्या सायकलीची आजी आहे. पहिली मोटार 1904. एवढ्या खानदानाला छोटी गाडी काढायला पैसे उरले नव्हते. 2000 मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हरचा कारखाना एका गटाला नावापुरत्या 10 पौंडांत देऊन टाकला होता. दहा पौंड! त्या वेळी त्यात लक्ष्मी रोडला दोन शर्टांचं कापड आलं असतं.

मी फोन केला. साडूंचं म्हणणं: “नाही हो, सस्पेन्शन त्यांनी बदललंय.” बरोबर आहे, बदललं होतं. बंपर आणि जाळीही बदलली होती. दार बदललं नव्हतं. हे मी तेव्हाही सांगितलं, नंतर मुंजीत सांगितलं, लग्नात सांगितलं. दर वेळी सस्पेन्शन.

एप्रिल 2005 मध्ये रोव्हर कोसळली, हजारो कामगार एका झटक्यात घरी गेले. त्याचा मला आनंद नाही, टूलरूमचा माणूस कुठलाही असो, हात तेच असतात. पण पुढचं ऐका. रोव्हर हे नाव बीएमडब्ल्यूकडेच राहिलं होतं, ते 2006 मध्ये फोर्डने घेतलं. 2008 मध्ये टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर 2.3 अब्ज डॉलरला घेतल्या, त्या सौद्यात हे जुनं नावही आलं. म्हणजे मेहुणीच्या गाडीचं दार आधीच आपलं होतं, आता बिल्लाही आपला झाला. हे साडूंना सांगितलं तेव्हा त्यांनी श्रीखंड वाढायला घेतलं.

आता थोडं उलट बाजूचंही, नाहीतर कोणीतरी येऊन सांगेलच. इंडिका काही आकाशातून पुण्यात पडली नव्हती. आकार ठरवायला ट्यूरिनच्या आयडिया संस्थेची मदत होती आणि उत्पादनाची बरीच यंत्रसामग्री निसानच्या ऑस्ट्रेलियातल्या बंद कारखान्यातून उचलून आणलेली. सुरुवातीच्या गाड्यांत दोषही होते, म्हणून 2001 मध्ये व्ही-टू ही सुधारलेली इंडिका काढावी लागली. सिटीरोव्हर तर तिकडे चाललीच नाही, किंमत 6,495 पौंडांपासून सुरू व्हायची आणि त्या पैशात लोकांना बरी गाडी मिळत होती. टाटांचं मुख्यालयही मुंबईत, त्यामुळे इंडिकाला पुण्याचा ब्रँड म्हणणं कागदावर चूकच.

पण मग कागदावर ब्रँड कुठे होतो ते बघा. भांडवल आणि परवाने होते मुंबईत. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती मुंबईत, कारखाना कुर्ल्याला, आणि गाडीवर नाव पुढची कित्येक वर्षं फियाटचं. पुण्याच्या वाट्याला आली जमीन, वीज, आयटीआयची पोरं आणि टूलरूम. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, साठच्या दशकात इथे आधी यंत्रं बनवणारा विभाग उभा केला, शिकाऊ मुलं घेतली, ट्रक नंतर. टेल्कोची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांची ती अक्कल. त्या शिकलेल्या हातांमुळेच पुढे इथे मर्सिडीजही आली आणि फोक्सवॅगनही. 1995 मध्ये भारतात जोडली गेलेली पहिली मर्सिडीज टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यातलीच.

गाडी घ्यायचीच असेल म्हणून हे विचारत असाल तर इतिहास वाचून घेऊ नका. तुमच्या भागात तिचा सुटा भाग किती दिवसांत मिळतो ते नाक्यावरच्या मेकॅनिकला विचारा.

आणि साडूभाऊ, तुमच्याच पोराने मला इथलं हे खातं उघडून दिलंय, तेव्हा तुम्ही वाचणार हे नक्की. सस्पेन्शनचा मुद्दा वर आलेला आहे. खाली परत लिहू नका.